आधी छावणीला

कोळसा कमी आल्यामुळे औष्णिक केंद्राचे संच बंद पडले होते आणि सरकारचा हुकूम स्पष्ट होता, उरलेली वीज आधी लष्करी छावणीला, मग शहराला. वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या नम्रताला सोहोनी साहेबांनी सांगितलं, "विश्रांतवाडी बंद करा."

विश्रांतवाडीत तिचं घर होतं. सैन्यातून निवृत्त झालेले तिचे बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर श्वास घेत होते. मशीन विजेवर चालायचं, आणि घरचा इन्व्हर्टर कालच बिघडला होता.

"साहेब, आज दुसरा भाग बंद करू या का? माझ्या बाबांना..."

"प्रत्येक भागात कुणाचे तरी बाबा असतातच, मॅडम," एवढं बोलून साहेब मीटिंगला निघून गेले.

छावणीत जनरेटर असणारच, अर्ध्या तासाने त्यांचं काय अडणार आहे, असं मनाशी म्हणत नम्रताने विश्रांतवाडी चालू ठेवली आणि छावणीची वीज तोडली. अर्ध्या तासाने ती पुन्हा जोडली, साहेबांना पत्ताही लागला नाही. मग तिने धाकट्या भावाला फोन लावला.

"साई, बाबा बरे आहेत ना?"



 

"ताई, घरची वीज जाणार म्हणून मी बाबांना सकाळीच छावणीच्या दवाखान्यात आणलं होतं. इथली कधीच जात नाही म्हणे. आज गेली, आणि जनरेटर चालू होईपर्यंत बाबा थांबले नाहीत."