समुद्राखालचा बांध

अपेक्षाचं जहाज वेळेवर सुटलं आणि ती त्यावर होती. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. कारण नांदे गावातल्या घरातून अजून तिची बॅगसुद्धा हललेली नव्हती. बॅगेवर तिचे आजोबा, गेणबा, बसले होते.

दारात विमानतळाची कॅब हॉर्न मारत होती. संशोधनाचं जहाज उद्या चेन्नईहून निघणार होतं. समुद्राच्या तळाला मोठमोठ्या घळी असतात, त्यांतून नद्यांचा गाळ खोल पाण्यात घरंगळत जातो. त्या गाळात लांबलचक पाइप घुसवून नमुने वर काढायचे, हे अपेक्षाचं काम. आज गेली नाही तर तिच्या जागी दुसरं कुणी जाणार, हे ती सकाळपासून सांगत होती. गेणबांचं म्हणणं एकच. चिखलच बघायचा तर मारुंजीच्या रस्त्याला लई हाय, तितं रिक्षा जाती.

खरं म्हणजे गेणबांना हल्ली उद्योग नव्हता. शेजारच्या भिवाजीशी त्यांचं बांधावरून जन्मभर भांडण. नांगरताना भिवाजी वीतभर बांध खायचा, पुढच्या पेरणीला गेणबा तो परत खायचे. मग दोघांनी एकाच बिल्डरला जमीन विकली. बिल्डरनं बरोबर बांधावर स्विमिंग पूल काढला. वाद मिटला, आणि त्याबरोबर दोघांचं बोलणंही. तेव्हापासून गेणबा घरातलं माणूस नजरेआड होऊ देत नसत. भांडायला कुणीतरी लागतं.

"ती माती आसती कुणाची?" त्यांनी वेळ काढायला विचारलं.

"आपलीच की, आबा," अपेक्षा कॅबकडे बघत म्हणाली. "शेतातनं मुळेत, मुळेतनं भीमेत, मग कृष्णेतनं समुद्रात. खालच्या थरातली तर धरणं व्हायच्या आधीची."

गेणबा ताठ झाले.

"म्हंजी वडिलोपार्जित."

अपेक्षानं मोबाइलवर वेळ बघितली.

"आन् भिवाजीची?"

"त्यांचीपण असणार. सगळी एकत्रच."

"बांध?"

"तिथं कुठला बांध, आबा."

गेणबा बॅगेवरून उठले. एरवी गुडघ्यांमुळे त्यांना उठवायला दोघं लागत. बॅग त्यांनी स्वतः डिकीत टाकली आणि इतका वेळ गाडी का थांबवलीस म्हणून ड्रायव्हरला झापलं. मग तडक भिवाजीच्या दारात जाऊन, समुद्राखाली आपली माती दाबल्याबद्दल त्याच्या दोन पिढ्यांचा उद्धार केला. भिवाजीनं टीव्ही बंद केला. लग्नाचं बोलावणं यावं तसा त्याचा चेहरा खुलला.

"चल पौडला, तहसीलदाराकडं," तो म्हणाला. "बघतोच तुला."

अपेक्षाचं विमान उडालं तेव्हा दोघं एसटीत एकाच बाकावर बसून, खिडकी कुणाची यावरून भांडत होते.

तहसील कार्यालयात अर्ज मात्र एकच पडला, अर्जदार आणि हरकतदार दोघांच्या सहीचा. 'आमची वडिलोपार्जित माती सध्या बंगालच्या उपसागरात, पाण्याखाली खोलवर पडून आहे. तरी समक्ष जागेवर जाऊन मोजणी व्हावी व बांध कायम करून मिळावा. वादाचा निकाल लागेपर्यंत समुद्राने जागेवरून हलू नये, असा जैसे थे आदेश व्हावा, ही नम्र विनंती.'