ब्राउलिओ कामावर रुजू होतो

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ब्राउलिओ तेचेरा कामावर रुजू व्हायला आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत थर्मास, पिशवीत मिलानेसा, म्हणजे तळलेल्या मांसाचा काप, भरलेला पाव. नोकरी कुठे आहे, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

हातात संस्थेचं पत्र होतं. 'अभिनंदन. आपण रोजगारात असल्याचे आमच्या पाहणीत आढळून आले आहे. त्यामुळे नोकरी मिळवून देण्याच्या यादीतून आपले नाव कमी करण्यात येत आहे.'

मोन्तेविदेओतली ही संस्था तीन वर्षं एकाच गोष्टीचा अभ्यास करत होती. शाळा सुटल्यावर अपंग मुलांचं पुढे काय होतं? जमलं तर ती त्यांना कामही मिळवून द्यायची. ब्राउलिओला डाउन सिंड्रोम आहे. शुक्रवारी त्याला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती, आणि तो जात होता त्या कार्यशाळेत एकविशीनंतर कुणाला ठेवत नाहीत. मग घर. घरी मावशी, दिवसभर टीव्ही, आणि मावशी रिमोट देत नाही. त्याला नोकरी हवी होती, आणि ती लागल्याचं हे छापील पत्र होतं.

संस्थेच्या कचेरीत संशोधक पिलार एचार्तने पत्र वाचलं. "अरे, लागलास कुठे? बोलला नाहीस."

"मलाही कुणी बोललं नाही," ब्राउलिओ म्हणाला.

पिलारने त्याची फाइल काढली. प्रश्न चौदावा: गेल्या चार आठवड्यांत मोबदला घेऊन किमान एक तास काम केलंत का? हो. कामाचं स्वरूप? प्रश्नांची उत्तरं देणे.

संस्था दर महिन्याला प्रत्येकाची तासभर मुलाखत घ्यायची आणि पावतीवर सही घेऊन मानधन द्यायची. ब्राउलिओने खरं तेच सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्याने 'सेवा क्षेत्र' या चौकटीत खूण केली होती.

पिलारने बाकीच्या फाइली काढल्या. चाळीसपैकी सदतीस तरुण रोजगारात होते. त्यातले छत्तीस सेवा क्षेत्रात. उरलेली एक मुलगी खरोखरच बेकरीत कामाला होती.

संचालक नेलिदा बेन्तान्कोर अकरा वाजता मंत्रालयात अहवाल मांडणार होत्या. पुढच्या तीन वर्षांचं अनुदान त्यावर ठरणार होतं. पिलारने दाखवलेलं त्यांनी उभ्याने वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. अहवाल छापून झाला होता. पान नऊवरच्या आलेखात रोजगारात असलेल्या सदतिसांचा हिरवा उंच खांब होता. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत तळटीप म्हणून टाकू, असं त्या म्हणाल्या. ब्राउलिओचं नाव यादीत परत घालायला मात्र समिती लागते, आणि समिती मार्चमध्ये बसते. तेव्हा ऑगस्ट चालू होता.

"मग बाई, मी काम करतो की नाही?" ब्राउलिओने विचारलं.

"ती नोकरी नाही, बाळा. ती मुलाखत असते."

"पैसे मिळतात. वेळ ठरलेली आहे. उशीर झाला की पिलारताई ओरडते. नोकरीत आणखी काय असतं?"

नेलिदाबाईंची टॅक्सी खाली उभी होती. त्या गेल्या. पिलारला हसू आलं, ते तिने खोकल्यात दडवलं.

ब्राउलिओने आईला फोन केला. मिर्ता तेचेरा वीस वर्षं नगरपालिकेच्या कचरागाडीवर आहे आणि तिथल्या कामगार संघटनेची प्रतिनिधी आहे. वीस मिनिटांत कचरागाडी संस्थेच्या दारात उभी राहिली. मिर्ताने पत्र बाजूला ठेवलं आणि असे एकूण किती जण आहेत ते विचारलं. छत्तीस, असं कळलं. तीन वर्षांत एक तरी भरपगारी रजा मिळाली का, हेही तिने विचारलं. नव्हती मिळाली.

"छत्तीस कामगार आणि एकही प्रतिनिधी नाही," ती पिलारला म्हणाली. "लाज वाटते का गं कुणाला इथे?"

मंत्रालयात अहवालाचं कौतुक झालं. अनुदान मंजूर झालं.

बुधवारी संध्याकाळी नगरपालिका कामगारांच्या सभागृहात एकतीस जण जमले. काही आईला घेऊन आले, काही आईला चुकवून. त्यांची संघटना स्थापन झाली. मागण्या ठरल्या: भरपगारी रजा, मुलाखतीच्या खोलीत न डुगडुगणारी खुर्ची, आणि थकल्यावर मुलाखत थांबवायचा हक्क. 'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता' हा प्रश्न बंद करावा, अशी सूचना जन्मापासून अंध असलेल्या इलारियाने मांडली. ती एकमताने मंजूर झाली. ब्राउलिओ प्रतिनिधी म्हणून निवडून आला, कारण लेखी पत्र फक्त त्यानेच जपून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी संप सुरू झाला. पिलारने महिन्याच्या मुलाखतीसाठी पहिला फोन लावला आणि नेहमीप्रमाणे नाव विचारलं. आमच्या प्रतिनिधीशी बोला, असं उत्तर आलं. दुपारपर्यंत एकोणीस फोन झाले आणि एकोणीस वेळा तेच ऐकू आलं. उत्तरं नाहीत तर अभ्यास नाही. अभ्यास नाही तर अनुदान परत.

शुक्रवारी ब्राउलिओला एकवीस पूर्ण झाली. कार्यशाळेने त्याला केक देऊन निरोप दिला. त्याने उभ्याउभ्या एक तुकडा खाल्ला. त्याला संघटनेच्या बैठकीला पोचायचं होतं.

मंत्रालयाने दोन्ही बाजूंना सोमवारी दहा वाजता बोलावलं आहे. संस्थेने आपलं म्हणणं नेलिदाबाईंच्या सहीने लेखी दिलं आहे: हे तरुण कामगार नाहीत आणि कधीच नव्हते, त्यामुळे त्यांना संप करता येत नाही. संघटनेने एकच पुरावा जोडला आहे. संस्थेचा अहवाल, पान नऊ.