नवे ब्रेकपॅड

सकाळी सात वाजता मनिषची गाडी अंगणातल्या तणसाच्या ढिगात घुसली. इजा कोणाला झाली नाही. गाडीला ओवाळून त्याची आई चंद्रभागाबाई नुकतीच तिथून बाजूला झाली होती.

पुढच्या चाकांचे ब्रेकपॅड मनिषने आदल्या संध्याकाळी स्वतःच बदलले होते, मोबाइलवर व्हिडिओ बघून. आज आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भंडाऱ्याला न्यायचं होतं. आणि दाबलेला ब्रेक थेट तळाला गेला होता.

"मले वाटलं, गाडीलेच भूक लागली," चंद्रभागाबाई म्हणाली. कोणी हसलं नाही.

गाडी मागे ढकलून तो खाली शिरला. ब्रेकच्या नळ्या बाहेरून कोरड्या होत्या, गळती कुठेच नव्हती. चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचा थेंब नव्हता. बॉनेट उघडून पाहिलं, तर ब्रेक ऑइलही खुणेपर्यंत.

"टीना, ब्रेक दाब बरं," तो बायकोला म्हणाला.

"खाली गेला. थांबा, अजून दाबते. थोडा वर आला... आता कडक झाला हो! दगडावानी."

मनिषला चूक कळली. नवे पॅड बसवले की गाडी हलवण्याआधी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा, तेव्हा कुठे पॅड डिस्कला जाऊन टेकतात. व्हिडिओत हे सांगितलं होतं. त्याच्या लक्षातही होतं.

"काल दाबूनच राहिलो होतो, माय. तूच म्हणली, नव्या सामानाले पूजेआधी पाय लावू नको."

"मंग? पूजा झाल्यावर लावाचा होता ना, बहाद्दर! तवा कोणं धरला होता तुह्या पाय?"

टीनाला आधी हसू फुटलं. मग मनिषही हसला, डोळे पुसत.

अंगणात त्याने गाडी किती तरी वेळा पुढेमागे केली. दर वेळी ती जागच्या जागी थांबली. चंद्रभागाबाई पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली, टीना पुढे.

गावच्या रिकाम्या रस्त्यावर मनिष मध्येच ब्रेक दाबत होता.

"काहून थांबून राहिला रे? कोणी आडवं आलं का?"

"नाही, माय."

हायवेच्या तोंडाशी गाडी थांबली. लाखनीकडून आलेले ट्रक धडधडत समोरून गेले. रस्ता मोकळा झाला.

"चला ना," टीना म्हणाली.

मनिषचा पाय अजून ब्रेकवरच होता.