योगीराजचा मोसम

रोहिणीने अहवाल तिसऱ्यांदा वाचला. आकडा खरंच चौपट झाला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा योगीराज माजावर आला होता.

योगीराज म्हणजे खोकड, आपल्या माळरानावरचा चिमुकला कोल्हा. परभणीबाहेरच्या प्राणी उपचार केंद्रात तो एकटाच नर. थंडीच्या मोसमात पिंजऱ्यातल्या नराच्या अंगातलं हार्मोन कसं वाढतं, हे ती त्याच्या विष्ठेतून मोजत होती. पण रस्त्याच्या कामात पिल्लू असताना सापडलेला आणि माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला हा गडी शेजारच्या पिंजऱ्यातल्या मादीकडे ढुंकूनही बघत नसे. म्हणून तर राखणदार सटवाजीमामांनी त्याचं नाव योगीराज ठेवलं होतं. यंदाचा मोसमही कोरडा गेला असता, तर रोहिणीला पीएचडीवर पाणी सोडावं लागणार होतं.

बदल मार्गशीर्षात सुरू झाला. एका सकाळी मामांना योगीराजच्या पिंजऱ्याच्या जाळीखाली बीळ उकरलेलं दिसलं. त्यांनी आधी वाकून खोकड आत आहे ना ते पाहिलं, मग बिळात दगड ठासून वर सिमेंट ओतलं. मामा कामात चोख होते.

त्या दिवसापासून योगीराज ओळखू येईना. जाळीलगत येरझारा घालायचा, कोपऱ्याकोपऱ्यात मुतून खुणा करायचा, मादीकडे तोंड करून ओरडायचा. मामांनी नेहमीप्रमाणे चार वाजता भाकरीचा तुकडा पुढे केला की दात विचकून मागे सरायचा. मामांना ते फार लागलं.

"मॅडम, एवढं लेकरासारखं वाढवलं, अन् हे मला वळखंना झालंय," ते म्हणाले. "लय जीव तुटायलाय माझा."

"मामा, हे हार्मोनचं काम आहे. या दिवसांत नर असाच वागतो," रोहिणी हसून म्हणाली. "मोसम सरू द्या. तुमचा योगी तुम्हाला परत मिळेल."

मग तिने त्यांना सगळं नीट समजावलं. भूक का मरते, राग का वाढतो, जवळच्याचीही भीती का वाटते. मामांनी मान डोलावली. पोरगं वयात आलं की आईबापांना कुठं विचारतं, असं पुटपुटत ते झाडलोट करायला गेले. रोहिणीने तेही वहीत लिहून घेतलं: नर राखणदारालाही जवळ येऊ देत नाही.

आणि महिन्याभराने आज हा अहवाल. तिच्या सरांनी फोनवर तोंडभरून कौतुक केलं, प्रबंध लिहायला घे म्हणाले. रोहिणीला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिने पेढे मागवले आणि पहिला मामांच्या हातावर ठेवला. पलीकडे मादी जाळीला नाक लावून बसली होती आणि नर तिच्यासमोरून हलत नव्हता. मामांच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

दुपारी जवळच्याच पेडगावच्या बायनाबाई चौकशीला आल्या. मामांनी त्यांनाही पेढा दिला, पाणी दिलं. पेढा पदराला बांधून त्या बाकावर टेकल्या.

"महिना झाला, आमच्या खुराड्यात एक खोकड ऱ्हायला आलंय," बायनाबाई म्हणाल्या. "कोंबडीला शिवत न्हाई. चार वाजले की ताटलीपुढं येऊन बसतंय अन् हातावरची भाकर खातंय. तुमचं हाय का?"