पालथी मापं

चंद्रव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थबकल्या. हातातली पिशवीसुद्धा त्यांनी खाली ठेवली नाही. मागे बाळाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या हेमावतीला सासूबाईंचं तोंड दिसत नव्हतं. ती पाठीवरूनच अंदाज घेत होती.

दोन रविवार नवऱ्याला, गुरूला, मंद्रूपला गावच्या घरी पिटाळून तिनं माळ्यावरची जुनी भांडी आणवली होती. चिंच आणि राख लावून हात सोलेस्तोवर घासली. मासिकातल्या चित्राबरहुकूम फळीला निळा रंग दिला आणि पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी पितळी मापं उतरत्या ओळीनं मांडली. तांब्याच्या हंड्यात कागदी फुलं खोवली. स्टीलच्या दिवसांत हे मोडीचं दुकान कशाला, म्हणून नवरा हसला, तरी तिनं ऐकलं नाही. सासूबाईंना घर आपलं वाटावं, त्यांनी दोन दिवसांत परतायचं नाव काढू नये, एवढंच तिच्या मनात होतं. नवरा कामावर गेला की दिवसभर ती आणि आठ महिन्यांचं मूल. ते रडलं तरी जिवाला घोर, गप्प निजलं तरी घोर. बी.ए.च्या कुठल्या पेपरात हे नव्हतं.

चंद्रव्वांनी आधी हंड्यात डोकावून बघितलं. फुलं कागदाची आहेत कळल्यावर, मग हंडा कशाला अडवून ठेवलास, असं त्यांनी सरळ विचारलं. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"मापं पालथी कुणी घातली?"

आत झुरळं शिरू नयेत, घरात रांगतं मूल, असं काहीतरी हेमावती बोलली. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

"घरातलं धान्य सरलं की माप पालथं घालत्यात, हेमव्वा. भरल्या घरात न्हाई."

हेमावतीच्या डोळ्यांसमोर उद्याची एस.टी. उभी राहिली. सगळं आत्ताच काढून ठेवते, आत्याबाई, असं ती म्हणाली. पण चंद्रव्वांनी तोवर पायली खाली घेतली होती आणि पदर खोचून फरशीवर बसकण मारली होती. त्यांनी ज्वारी मागितली. बाळाला खाली ठेवून हेमावतीनं डबा आणला. तळाशी रेशनची ओंजळभर ज्वारी होती. चंद्रव्वा एकेक माप सुलटं करून त्यात चिमूट चिमूट दाणे टाकू लागल्या.

"एवढ्यात कुटं भागतंय? गुरूला सांग, रानातलं एक पोतं घिऊन ये म्हनावं. निवडाय मी बसंन. दोन म्हैनं तरी जात्याल की."

बाळ रांगत आलं, पायलीत हात घालून मूठ भरली आणि तोंडाकडे नेली. हेमावती धडपडत पुढे झाली. चंद्रव्वांनी मान न वळवता त्याच्या गालात बोट घालून दाणा बाहेर काढला, तो पदराला पुसून पुन्हा पायलीत टाकला आणि नातवाला मांडीवर ओढून घेतलं. ते खिदळलं.

हेमावती भिंतीला टेकून बसली. पितळेत दाणे टणटणत होते. तिची मान कलली. डोळे मिटता मिटता तिला एवढंच दिसलं, की आवाज होऊ नये म्हणून सासूबाई आता एकेक दाणा बोटानं मापाच्या तळाशी नेऊन ठेवताहेत.