पंतोजींची लाल शाई

पुण्याहून अमरावतीच्या शाळेत आलेले त्र्यंबक पंतोजी दर शनिवारी मुलांकडून शाळेचं वर्तमानपत्र लिहून घेत आणि रस्त्याकडच्या भिंतीवर डकवत. एकदा नत्थूने त्यात लिहिलं, 'माय मेली तवापासून मले घरी करमत नाई.' पंतोजींनी लाल शाईने 'तवापासून'चं 'तेव्हापासून' केलं, 'मले'चं 'मला' केलं, 'नाई'चं 'नाही' केलं आणि पान डकवून टाकलं.

त्या साली विलायतेहून मागणी आली नि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. एकेक मुलगा शाळा सोडून वावरात गेला. शेवटी नत्थूही दारात येऊन उभा राहिला.

"पंतोजी, उद्यापासून मी येत नाई. कापूस वेचाले मानसं भेटून नाई राहिले."

"नाई नव्हे रे, नाही."

"हो जी," म्हणून तो गेला.

शनिवारी लिहायला कोणीच नव्हतं. पंतोजींनी स्वतःच बोरू उचलला. मग त्यांनी एकच ओळ लिहिली, 'पोरं गेली तवापासून मले शाळेत करमत नाई.' कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यावरच्या भिंतीवर त्यांनी ती डकवली.

सोमवारी सकाळी ते आधी भिंतीपाशी गेले. ओळ कोणीतरी वाचली होती. गेरूने तिन्ही शब्द शुद्ध करून ठेवले होते. अक्षर नत्थूचं होतं.

बाकीचा कागद कोरा होता.