तोच आजार

आमच्या कुत्रीचे मागचे पाय लुळे पडले आणि बाबांनी निदान करूनच टाकलं. तिच्या आईला मणक्याचा आनुवंशिक आजार होता, म्हणजे हिलाही तोच. "जनुकीय तपासणी करू, आठ दिवसांत कळेल," डॉक्टर म्हणाल्या. तिसऱ्याच दिवशी तिला जिन्यावरून उचलून नेताना बाबांची कंबर धरली. मी कामावर असताना त्यांनी तिला दुसऱ्या दवाखान्यात नेऊन इंजेक्शनने कायमचं झोपवलं. "हाल बघवत नव्हते," म्हणाले. आज डॉक्टरांचा फोन आला. सदोष जनुक नव्हतंच. मणक्यातली गादी सरकली असणार. ऑपरेशननंतर ती कदाचित चालली असती. बाबा आरशासमोर दाढी करत होते. "काय निघालं?" त्यांनी विचारलं. वस्तरा गालापाशीच थांबला होता. मला सांगवेना. "तोच आजार होता," मी म्हणाले. त्यांनी वस्तरा पुन्हा गालावरून फिरवला. "मी म्हटलं नव्हतं? तुम्हा शिकलेल्यांना उगाच तपासण्यांची हौस."